अर्धवट शिवलेले पडदे आणि न शिवलेले नॅपकिन आयात करतेय: कापड म्हणून लावायचे की तयार माल म्हणून?

पडदेवाली_धायरी

नमस्कार मंडळी. पुण्यात धायरीला माझं पडदे-चादरी शिवायचं छोटं युनिट आहे. अकरा मशीन, चौदा बायका आणि कटिंगला एक मास्तर. आजवर कापड भिवंडी आणि सुरतेहून घेत आले. या वेळी पहिल्यांदाच चीनमधून, शाओशिंगजवळच्या केचिआओच्या कापडबाजारातून थेट मागवलंय. निंगबोहून जहाज सुटलंय. न्हावाशेवाला लागायला अजून बारा-तेरा दिवस आहेत.

माल तीन प्रकारचा आहे आणि तिन्ही अर्धवट आहेत, तिथेच सगळा घोळ झालाय.

पहिला, पडद्यांचे पॅनेल. पॉलिएस्टर जकार्ड, ५४ इंच बाय ९० इंच. दोन्ही उभ्या बाजू इंचभर दुमडून शिवून येतायत. वर-खाली नुसतं कापलेलं आहे. खालची दुमड आणि वरच्या रिंगा आम्ही इथे लावणार, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिडकीची उंची वेगळी असते.

दुसरा, शीअरचे म्हणजे पातळ जाळीदार पडद्याच्या कापडाचे चाळीस तागे. पन्हा २८० सेंमी. हा पन्हाच पडद्याची उंची होतो, आम्ही फक्त खिडकीच्या रुंदीप्रमाणे कापत जातो. काही ताग्यांना एका काठाला झालर आहे, काहींना खाली वजनाची शिशाची दोरी आहे.

तिसरा, स्वयंपाकघरातले नॅपकिन. सुती, वाफल विणीचे, १८ बाय २८ इंच. कापून आलेत, पण चारी बाजूंना एकही टाका नाही. डझन-डझनाची घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत भरलेत. शिलाई आमच्याकडे होणार.

सप्लायरने इन्व्हॉइसवर तिन्हींना कापडच म्हटलंय. माझा क्लिअरिंग एजंट म्हणतो की पुढे पडदे-नॅपकिनच होणार म्हणून तिन्ही तयार माल आहेत, कस्टम टॅरिफच्या ६३व्या म्हणजे तयार कापडी वस्तूंच्या प्रकरणात टाकू, म्हणजे कोणी विचारणार नाही. आमचे सीए म्हणतात की शिलाई इथे होणार असेल तर कापड. तिघांची तीन तोंडं.

मला चोरी करायची नाही आणि न लागणारी ड्युटीही भरायची नाही. या मालात मी साठवलेले पैसे घातलेत. बायकांचे पगार ७ तारखेला होतात, ते आजवर एकदाही चुकले नाहीत. कंटेनर बंदरात पंधरा दिवस अडकला तर ते चुकतील. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.

तागेवाला_भिवंडी

ताई, मी दहा वर्षं तागे मागवतोय. एवढा विचार करू नका. सप्लायरने कापड लिहिलंय ना, मग कापडच ठेवा. पॅनेलची घडी मोडून रोलवर गुंडाळून पाठवायला सांगा, विषय संपला. सगळे तसंच करतात.

बॅलार्डपिअर_३१वर्षं

भिवंडीकर, हा सल्ला कृपया कोणाला देऊ नका. मी कस्टम हाऊसच्या कामात ३१ वर्षं काढली. आधी बॅलार्ड इस्टेटला, नंतर न्हावाशेव्याला. आता घरी असतो. अशा सल्ल्याने बुडालेली माणसं पाहिलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ताई, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट मनात पक्की करा. तुम्ही इथे आणून त्या मालाचं काय करणार, यावर वर्गीकरण ठरत नाही. बंदरात उतरताना माल ज्या अवस्थेत आहे, त्यावर ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये डनलॉप इंडियाच्या व्ही. पी. लॅटेक्सच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलंय, आणि तो निकाल आजही प्रत्येक वादात पुढे येतो. त्यामुळे तुमच्या सीएंचं ‘शिलाई इथे होणार म्हणून कापड’ हे म्हणणं टिकत नाही. आणि तुमच्या एजंटचं ‘पुढे नॅपकिन होणार म्हणून नॅपकिन’ हेही टिकत नाही. दोघं एकाच चुकीच्या दोन टोकांना उभे आहेत.

मग अवस्था बघायची कशी? कापडाच्या बाबतीत उत्तर काठावर असतं. कस्टम टॅरिफच्या अकराव्या विभागाची सातवी टीप एजंटकडून मागवून घ्या आणि स्वतः वाचा. ‘तयार केलेली वस्तू’ कशाला म्हणायचं ते तिथे लिहिलंय. ६३व्या प्रकरणाचा पहिला भाग फक्त अशा तयार केलेल्या वस्तूंसाठीच आहे, हे त्या प्रकरणाच्या पहिल्याच टिपेत आहे. म्हणजे सातव्या टिपेच्या चाळणीतून माल पार पडला नाही, तर तो दिसायला कितीही टॉवेल किंवा नॅपकिन असो, ६३मध्ये जायला अडचण येते.

आता तुमचा माल घेतो. नॅपकिनपासून सुरू करतो, कारण तिथेच सगळे फसतात.

सातवी टीप म्हणते की चौरस किंवा आयत सोडून दुसऱ्या आकारात कापलेलं असेल तर ती तयार केलेली वस्तू. तुमचे नॅपकिन आयताकृती आहेत, म्हणजे निव्वळ कापल्यामुळे ते तयार होत नाहीत. दुमड नाही, गाठी मारलेल्या दशा नाहीत, काहीही जोडलेलं नाही. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपांत तर नेमकं हेच लिहिलंय: मोठ्या कापडातून नुसते कापलेले चौकोनी तुकडे, घडी घालून किरकोळ विक्रीच्या पिशवीत भरलेले असले तरी, ‘तयार अवस्थेत’ धरायचे नाहीत. त्या टिपा आपल्याकडे कायदा नाहीत, पण १९९५ च्या वूड क्राफ्ट प्रॉडक्ट्सच्या निकालापासून सर्वोच्च न्यायालय त्यांना भरवशाचा मार्गदर्शक मानत आलंय. तेव्हा तुमचे नॅपकिन हे माझ्या मते सुती कापड, प्रकरण ५२. त्यात सुताचं प्रमाण ८५ टक्के किंवा जास्त असेल तर वजन बघायचं: चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंत ५२०८, त्याच्या वर ५२०९. वाफल वीण जाड असते, तेव्हा अंदाजाने लिहू नका. एक तुकडा वजन करून घ्या.

गंमत बघा, हाच नॅपकिन गोल कापला असता, किंवा काठ झिगझॅग कात्रीने कापले असते, तर एकही टाका नसताना तो तयार केलेली वस्तू झाला असता. झिगझॅग काठाची फडकी तर टिपांत उदाहरण म्हणूनच दिलीयत. म्हणून मी म्हणतो की मालाचं नाव विसरा आणि काठ बघा.

पॅनेलचं उत्तर उलटं आहे आणि माझ्या मनात त्याबद्दल शंका नाही. ठरावीक मापात कापलेलं, दोन्ही उभ्या बाजू दुमडून शिवलेल्या. दुमड आली की सातव्या टिपेतलं कलम लागलं, आणि ते कलम चारी बाजू शिवलेल्या हव्यात असं म्हणत नाही. वरच्या रिंगा नाहीत, खालची दुमड नाही, म्हणजे पडदा अपुरा आहे एवढंच. वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियमांतला दुसरा नियम अशाच मालासाठी आहे: अपुऱ्या वस्तूत पूर्ण वस्तूचं मूळ रूप आलेलं असेल तर ती पूर्ण वस्तूच्याच शीर्षकात जाते. ५४ बाय ९०चं, बाजू शिवलेलं जकार्ड पॅनेल हातात घेतल्यावर पडद्याशिवाय दुसरं काही डोळ्यांसमोर येत नाही. पडद्यांचं शीर्षक ६३०३, आणि मागावर विणलेलं कृत्रिम धाग्याचं म्हणून ६३०३ ९२.

आणि हो, हे पॅनेल रोलवर गुंडाळून आणलं तरी ते पॅनेलच राहतं. फक्त लपवलेलं पॅनेल होतं.

शीअरबद्दल मला अजून माहिती हवी. ६३०३ च्या स्पष्टीकरणात एक वाक्य आहे, जे बहुतेक एजंटांना ठाऊक नसतं. विणून झाल्यावर त्यावर असं काम केलंय की किरकोळ कृतीने पडदा तयार होईल, असं ताग्यातलं कापडही ६३०३ मध्ये येतं. दिलेलं उदाहरण जवळजवळ तुमचंच आहे: एका काठाला झालर लावलेलं कापड, जे हव्या त्या मापाला कापून काठ दुमडला की पडदा होतो. तेव्हा झालरीचे तागे ६३०३. शिशाच्या दोरीचं मात्र मला असं विचारायचंय, की ती दोरी काठ दुमडून, त्यात घालून, वरून शिवलीय का? की मागावरच, विणतानाच काठात घेतलीय? त्या वाक्यात ‘विणून झाल्यावर’ हे शब्द आहेत आणि सगळं त्यांच्यावर आहे. नमुने तुमच्याकडे असतील. सुईने एक काठ उसवून बघा आणि इथे लिहा.

आता भिवंडीकरांच्या ‘सगळे तसंच करतात’ बद्दल. एका गिऱ्हाइकाने चादरी आणल्या होत्या. इन्व्हॉइसवर लिहिलं होतं रंगीत सुती कापड. जूनचा महिना, शेडच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की शेजारच्या माणसाचं ऐकू येत नव्हतं. अधिकाऱ्याने एक गाठ फोडून घेतली, वरच्या दोन चादरी बाजूला ठेवल्या आणि मधली ओढली. तिचं एक टोक दुमडून शिवलेलं होतं, दुसरं कापलेलं. त्याने काही विचारलं नाही. अंगठ्याच्या नखाने ती दुमड उचलली, टाक्यांवरून नख फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. तिथून पुढचं सगळं त्या नखाने ठरवलं: चुकीच्या वर्णनासाठी सीमाशुल्क कायद्यातलं जप्तीचं कलम १११, मोकळा करायला दंड, आणि मागच्या आयातींचीही चौकशी. साधी चूक असेल तर मागणी दोन वर्षांपर्यंतची निघते. जाणूनबुजून लपवलं असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंतची, व्याजासकट, आणि वर ड्युटीइतकाच दंड. त्या माणसाचा धंदा त्यातून उभा राहिला नाही. त्याच्या घरी मी जेवलो होतो, म्हणून मला हे अजून लागतं.

पडदेवाली_धायरी

काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. सातवी टीप मागवली आणि मास्तरांना घेऊन वाचली. रात्री नमुन्यांचं कपाट उघडून बसले होते. आज सकाळी उजेडात परत बघते, मग लिहिते.

एक विचारू का? पॅनेल ६३०३ मध्ये गेले तर मला किती फटका बसेल? एजंट नुसतं ‘जास्त लागेल’ म्हणतो.

बॅलार्डपिअर_३१वर्षं

ताई, एजंटला दोन्ही शीर्षकांचा हिशेब कागदावर मांडायला सांगा. नुसतं ‘जास्त लागेल’ हे उत्तर नाही. हिशेब असा असतो: आधी मूळ सीमाशुल्क, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि मालाची किंमत, शुल्क, अधिभार या सगळ्यांवर मिळून आयजीएसटी. समजा मूळ शुल्क २० टक्के आहे, तर शंभर रुपयांच्या मालावर शुल्क २०, अधिभार २, आणि ५ टक्क्यांचा आयजीएसटी १२२ वर, म्हणजे ६ रुपये १० पैसे. आयजीएसटीची वजावट तुम्हाला परत मिळते. खरा खर्च वरच्या दोनांचा.

कापडाच्या पुष्कळ ओळींत नुसते टक्के नसतात. टक्के किंवा चौरस मीटरमागे, किलोमागे अमुक रुपये, यांतलं जे जास्त ते. स्वस्त कापडाला हा रुपयांचा दर जड जातो. २०२५ च्या अर्थसंकल्पात निटेड म्हणजे होजिअरीसारख्या विणीच्या कापडाच्या नऊ ओळींना २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, जे जास्त ते, असा दर लागला, हे त्याचं ताजं उदाहरण. तेव्हा ‘कापड म्हणजे कमी आणि तयार माल म्हणजे जास्त’ हे गृहीत धरू नका. कधीकधी उलटं निघतं.

आयजीएसटीत २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार मालाला नगामागे २५०० रुपयांची मर्यादा आहे. तिच्या आत ५ टक्के, वर गेलं की १८. तुमचे पॅनेल त्या मर्यादेच्या पुष्कळ आत असणार. दर मात्र बिल ऑफ एंट्री म्हणजे आयातीचा कस्टमचा अर्ज सादर कराल तो दिवस, किंवा जहाजाला माल उतरवायची परवानगी (एंट्री इनवर्ड) मिळेल तो दिवस, यांतला जो नंतरचा त्या दिवशीचा धरतात, म्हणून तेव्हा परत एकदा बघा.

सोलापूर_टॉवेलघर

नमस्कार. आमचं सोलापुरात टेरी टॉवेलचं काम आहे, वडिलांच्या वेळेपासून. सोलापुरी चादरीसारखंच आमच्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, हे पुण्याकडच्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. मी आयात करत नाही, माल बाहेर पाठवतो. पण प्रश्न तोच आहे. बाहेरचा एक गिऱ्हाईक टॉवेल सुटे नको म्हणतो, ताग्यात हवेत, कापणं आणि शिवणं तो तिकडे करणार. पहिले सहा आकडे जगभर सारखेच असतात, म्हणून विचारतो. ५८०२ म्हणजे टेरी कापड लिहू, का ६३०२ म्हणजे तयार टॉवेल?

आमच्याकडे दोन तऱ्हेने विणतात. एकात टॉवेल संपला की माग बाणा न भरता चालवतात. चार बोटं नुसता ताणा सुटतो, मग पुढचा टॉवेल सुरू. त्या मोकळ्या ताण्यावर मधोमध कात्री चालवली की दोन्ही टॉवेलांना दशा येतात, शिवायचं कामच नाही. दुसऱ्यात मधे वीण असते, पण त्या पट्ट्यात लूप नसतात, सपाट पट्टा येतो. तो मधोमध कापायचा आणि दोन्हीकडे दुमडून शिवायचा. हॉटेलवाले दुसराच मागतात, दशा धुण्यात गुंततात म्हणून.

बॅलार्डपिअर_३१वर्षं

सोलापूरकर, तुम्ही जो फरक सांगितला तोच नेमका कायद्यातला फरक आहे. पुस्तकं वाचून हे समजायला मला वर्षं लागली, तुम्ही चार ओळींत मागावरून सांगितलंत.

पहिली तऱ्हा सरळ ६३०२. सातव्या टिपेत ‘तयार अवस्थेत विणलेली, वापरायला सिद्ध, किंवा फक्त मधले धागे कापून सुटी करायची राहिलेली’ अशा वस्तू आहेत, आणि टॉवेल तिथे नावानिशी उदाहरणात आहे. तुमचा चार बोटांचा मोकळा ताणा म्हणजेच ते मधले धागे. तागा पन्नास मीटरचा असला तरी कायद्याच्या नजरेत ते एकमेकांना चिकटलेले शंभर टॉवेल.

दुसऱ्या तऱ्हेला मी छातीठोक उत्तर देणार नाही. कापल्यावर शिवावं लागतं, म्हणजे ‘शिलाईशिवाय वापरायला सिद्ध’ ही अट मोडली. तिथून बघितलं तर ते टेरी कापड, ५८०२. पण समोरचा अधिकारी दुसरा नियम काढू शकतो: पट्ट्यांनी प्रत्येक टॉवेलची लांबी आधीच ठरून गेलीय, त्याचा दुसरा काही उपयोग होणार नाही, म्हणजे हा अपुरा टॉवेलच. माझा कल ५८०२ कडे आहे, कारण विभागाची टीप आधी वाचायची आणि दुसरा नियम तिच्या मर्यादेत चालवायचा, असं नियमांमध्येच आहे. पण हा कल आहे. तुमच्या गिऱ्हाइकाला त्याच्या देशातल्या कस्टम्सकडून आधीच लेखी निर्णय घ्यायला सांगा. ड्युटी तो भरणार आहे, जोखीमही त्याचीच. तुम्ही फक्त इन्व्हॉइसवर खरं वर्णन लिहा: टेरी, सुती, ताग्यात, अमुक सेंटिमीटरवर सपाट पट्टा, काठ न शिवलेले.

तागेवाला_भिवंडी

काका, मी वर जे लिहिलं ते काढून टाकतो म्हटलं तर इथे काढता येत नाही. ताई, ते विसरा. मला चादरीच्या माणसाचं वाचून झोप लागली नाही.

माझा प्रश्न विचारतो. माझे ब्लॅकआउटचे म्हणजे उजेड अडवणाऱ्या पडद्याच्या कापडाचे तागे येतात. काठाला काही नाही, साधा तागा. ते ५४०७ मध्येच लावतोय. बरोबर ना?

बॅलार्डपिअर_३१वर्षं

ब्लॅकआउट दोन जातींचा असतो. एकात आत काळा धागा विणलेला असतो, दोन्ही बाजूंनी कापडच दिसतं आणि हाताला कापडच लागतं. तो पॉलिएस्टर फिलामेंटचा असेल तर ५४०७. दुसऱ्याला मागून अॅक्रिलिकचा थर देतात. तो मागून पांढरा किंवा राखाडी, रबरासारखा लागतो, आणि सुई टोचली की भोक तसंच राहतं. प्लास्टिकचा थर नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल तर ५९०३. नुसता रंग बदललेला दिसतो, तेवढं पुरत नाही, थर दिसायला हवा. तागा आडवा कापून कडेने बघा, थर असेल तर वेगळा दिसतो. आजवर दुसरी जात ५४०७ मध्ये लावली असेल तर तुमच्या ब्रोकरकडे बसून मागच्या बिलांचं काय करायचं ते आधी ठरवा. त्यांनी विचारण्याची वाट बघू नका.

पडदेवाली_धायरी

काका, बघितलं. कटिंगच्या टेबलावर खिडकीच्या उजेडात एकेक नमुना ठेवला, मास्तरांनी उसवला, मी फोटो काढले.

चाळीस ताग्यांपैकी चौदांना झालर आहे. झालर वेगळ्या कापडाची आहे, चुण्या घालून काठाला शिवलेली. उरलेल्या सव्वीसांत दोन प्रकार निघाले. अकरा ताग्यांत काठ दुमडून त्यात शिशाची दोरी घातलीय आणि वरून एक सरळ शिलाई मारलीय. मास्तरांनी टाका तोडून दोरा ओढला तसा काठ उघडला आणि मण्यांसारखी दोरी टेबलावर घरंगळली. उरलेल्या पंधरांत उसवायला टाकाच सापडला नाही. दोरी विणीच्या आतच आहे. भिंगातून बघितलं, आडवे धागे तिच्यावरून-खालून गेलेत. इतकी वर्षं हे कापड कापतेय, हा फरक मी कधी बघितलाच नव्हता.

नॅपकिनचं वजनही केलं. १८ बाय २८चा एक तुकडा सोनाराकडच्या काट्यावर ७१ ग्रॅम भरला. चौरस मीटरला साधारण २१८ येतात. सगळे शुद्ध सुती आहेत असं सप्लायरचं पत्र आहे.

आणि एक. सप्लायरला कालच विचारलं होतं की नॅपकिनचे काठ तुम्हीच ओव्हरलॉक करून, म्हणजे मशीनने काठावरून दोरा गुंफून द्याल का. पुढच्या खेपेला करतो म्हणालाय. मग काय होईल?

बॅलार्डपिअर_३१वर्षं

ताई, हे काम तुम्ही अधिकाऱ्यापेक्षा नीट केलंय.

झालरीचे चौदा ६३०३. शिवून दोरी घातलेले अकराही माझ्या मते ६३०३. विणून झाल्यावर काम झालंय, काठ दुमडलाय, आता कापून बाजू दुमडल्या की पडदा. विणीतच दोरी असलेले पंधरा मात्र कापड. विणून झाल्यावर त्यांना कोणी हात लावलेला नाही. नॅपकिन २१८ ग्रॅम म्हणजे ५२०९. पण टेस्टिंगला नमुना गेला तर त्यांचं वजन धरतील. सोनाराचा काटा तुमच्या समाधानासाठी.

ओव्हरलॉकचा प्रश्न नाजूक आहे. सातवी टीप म्हणते की धागे सुटू नयेत म्हणून काठाला साधा टाका मारला असेल तर तेवढ्याने वस्तू तयार होत नाही. पण ओव्हरलॉक हाच शेवटचा काठ असेल आणि नॅपकिन तसाच स्वयंपाकघरात जाणार असेल, तर अधिकारी म्हणेल की हा तात्पुरता टाका नाही, हेच फिनिशिंग आहे. पुढच्या खेपेला तसा माल आणायचा असेल तर मागवण्याआधी मुंबईच्या अॅडव्हान्स रुलिंग म्हणजे आगाऊ लेखी निर्णय देणाऱ्या प्राधिकरणाकडे अर्ज करा. फी १०,००० रुपये, निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि तो अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतो. तुम्ही पुढे दर वर्षी तोच माल आणणार असाल तर हे पैसे जड नाहीत.

या कंटेनरसाठी आता वेळ घालवू नका. इन्व्हॉइस बदलून मागवा, आज. ‘कापड’ नको. प्रत्येक ओळीला काठाचं वर्णन हवं: पॅनेल दोन बाजू दुमडलेले, रिंगा नाहीत, शीअर झालर शिवलेले चौदा तागे, शीअर वजनदोरी शिवलेले अकरा, शीअर वजनदोरी विणलेले पंधरा, नॅपकिन चौकोनी कापलेले, काठ न शिवलेले. पॅकिंग लिस्टमध्ये ताग्यांचे नंबर त्याच क्रमाने. अझो रंगांचा, म्हणजे कापडात घातक अझो रंग नाहीत असा चाचणी अहवाल सप्लायरकडे आहे का तेही आजच विचारा. नसेल तर नमुने तपासणीला जातील आणि दिवस तिथेच जातील, वर्गीकरणात नाही.

बिल ऑफ एंट्री जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल झालंच पाहिजे. आता फेसलेस पद्धत आहे. तुमचे कागद बघणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो, तुमचा माल त्याच्या हातात येत नाही. म्हणून काठाचे फोटो, उसवलेले आणि न उसवलेले, बिलासोबत अपलोड करायला सांगा. शंका राहिलीच तर एजंटला फर्स्ट चेक मागू दे, म्हणजे आधी माल तपासतील, मग शुल्क ठरेल. दोन-तीन दिवस जास्त जातील. त्यांनी तुमचं वर्गीकरण बदललं आणि तुम्हाला मान्य नसेल, तर लेखी कारणांसह आदेश मागा. कलम १७ प्रमाणे तो पंधरा दिवसांत द्यावा लागतो, आणि त्यावर साठ दिवसांत अपील करता येतं. तोवर माल अडवून ठेवायची गरज नाही. निषेध नोंदवून शुल्क भरा, माल सोडवा आणि बायकांच्या हाताला काम द्या.

पडदेवाली_धायरी

सप्लायरचा नवा इन्व्हॉइस आत्ता आला. पंधरा ताग्यांच्या ओळीत त्याने परत ‘शिवलेली’ लिहिलंय. बदलून मागवलाय. अझो अहवाल आहे त्याच्याकडे, पण तो गेल्या वर्षीचा आणि फक्त जकार्डचा. शीअर आणि नॅपकिनचा नाही.

बॅलार्डपिअर_३१वर्षं

मग त्या दोन्हींचे नमुने जातील असं धरूनच चाला. ७ तारखेच्या आधी जे लागणार आहे ते पॅनेल. त्यांचं बिल वेगळं काढता येतं का, ते एजंटला आजच विचारा, बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती एकच असेल तर अडचण येईल. आणि उसवलेले ते तीन नमुने फेकू नका. दोरी, दोरा सगळं एकेका पिशवीत घालून, वर ताग्याचा नंबर लिहून एजंटकडे देऊन ठेवा.